भातुकलीचं जातं, नोंद ३: पीठ पडायला लागलं

मागची नोंद न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. भातुकली माझ्या आत्याची, तिच्या लहानपणी सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, वर लाल-पिवळी लाख. त्यातलं ८ सेंटिमीटर रुंदीचं जातं मी निवडलंय. फोनमधून बघत ते फिरवलं की पडद्यावर कडेने पीठ पडताना दिसावं आणि आत्याच्या आवाजात ओवी ऐकू यावी, एवढंच करायचंय.

दुरुस्तीचं काम आटोपलं. खुंटा हरवला होता, तो आमच्या सुतारकाकांनी बांबूचा करून दिला. त्याला लाल रंग दिला नाही, चपडीचा पातळ हात दिलाय. जुनं कुठलं नि नवीन कुठलं हे पुढच्या माणसाला दिसायला हवं. जातं पुसायला मात्र स्पिरिट वापरू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. तळाला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, बोळा लावून पाहिला तर तो लगेच लाल झाला. शेवटी घट्ट पिळलेलं सुती फडकं आणि भरपूर वेळ एवढ्यावरच मळ निघाला.

आता मुख्य अडचण. कातलेली, म्हणजे लाकूड फिरवून घडवलेली, वस्तू कुठूनही सारखीच दिसते. ती किती फिरली हे ओळखायला कॅमेऱ्याला खूण सापडत नाही. त्यात घोटलेल्या लाखेवर खिडकीचा उजेड चमकतो आणि फोन हलवला की ती चमकही सरकते. चित्र ओळखणारी प्रणाली रंग बघतच नाही, तिला सगळं करड्या छटांत दिसतं. त्यामुळे आपल्या डोळ्यांना इतके वेगळे वाटणारे पट्टे तिला जवळजवळ एकसारखे.

म्हणून जात्याचा नाद सोडला आणि त्याच्याखालचा पाट ओळखायचं ठरवलं. पाटावर बसेल असा जाड कागद घेऊन त्यावर रांगोळी काढली, तर ती चारही बाजूंनी सारखी! पाट वळवला की पिठाचा ढीग मधूनच ९० अंशांनी उडी मारायचा. एआरकोअर म्हणजे खऱ्या दृश्यावर आभासी वस्तू दाखवायची गूगलची प्रणाली. तिच्यासोबत चित्र तपासायचं एक साधन मिळतं. ते ० ते १०० गुण देतं आणि निदान ७५ असावेत अशी गूगलची सूचना आहे. मी काम माइंड-एआर या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या तशाच प्रणालीवर करतेय, पण अंदाज घ्यायला ते साधन चांगलं. माझ्या रांगोळीला ३५ मिळाले. मग एका कोपऱ्यात सूप, दुसऱ्यात मांजर, तिसऱ्यात सांडलेले दाणे अशी मुद्दाम विषम चित्रं काढली. ९० मिळाले आणि उड्या थांबल्या.

पाट सापडला की जात्याची जागा कळते, पण वरची तळी किती फिरली ते कळत नाही. खुंट्यावर खूण करावी तर तो हाताखाली झाकला जातो. मग कार्डाची एक पट्टी कापली. एक भोक खुंट्यात अडकतं, दुसरं जात्याच्या तोंडावर येतं आणि पलीकडचं टोक निळं. डिंक नाही, टाचणी नाही, उचलली की जातं जसंच्या तसं. तळीच्या कडेवर दर ५ अंशांना एक असे ७२ बिंदू पडद्यावर कुठे येतात हे आधीच काढता येतं. कॅमेऱ्याच्या दर चौकटीत (फ्रेममध्ये) त्यातला सर्वांत निळा बिंदू शोधायचा. हा भाग मीच लिहिलेला असल्यामुळे इथे रंग वापरता येतो, आणि लाल-पिवळ्या लाखेत निळा लगेच सापडतो.

ज्या गोलाईने दोन आठवडे छळलं, तीच पुढे कामी आली. जात्यामागे पडलेलं पीठ जात्याच्या आड जायला हवं, नाहीतर ते वर चिकटवल्यासारखं दिसतं. त्यासाठी जात्याच्या आकाराचं एक अदृश्य प्रारूप लागतं, जे स्वतः दिसत नाही पण मागचं झाकतं. मी व्हर्नियरने दर २ मिलिमीटरला त्रिज्या मोजली आणि ते आकडे थ्री-जेएस या ब्राउझरमध्ये त्रिमित चित्र काढणाऱ्या लायब्ररीच्या लेथ-जॉमेट्रीला दिले. कातारी लाकूड फिरवून आकार काढतो, तसंच ती एक रेघ फिरवून आकार काढते. त्या आकाराचा रंग पडद्यावर लिहिणं बंद केलं, पण तो कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ही खोली लिहिणं चालू ठेवलं. अर्ध्या तासात झालं! कातकामाची खेळणी असतील तर थ्रीडी स्कॅनच्या फंदात पडूच नका.

ओवीचं ध्वनिमुद्रण रविवारी केलं. फोन समोर ठेवून आत्या बसली आणि तिला एकही ओळ आठवेना. मी तेच जातं तिच्या पुढ्यात ठेवलं. दोन बोटांनी रिकामं फिरवायला लागली आणि सलग चार ओव्या म्हणाली. मागे जात्याची बारीक घरघर आलीय, ती मी काढलेली नाही. आधी जातं थांबलं की आवाज तिथल्या तिथे तुटायचा, ते फार कानाला लागलं. आता प्रत्येक चरणाची वेगळी फाइल आहे. हात थांबला तरी चालू चरण पुरा होतो, मगच शांतता.

दिवसा सगळं नीट चालतं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली लाखेवरची चमक निळसर पांढरी होते आणि पट्टीचा कोन चुकतो. फोनच्या कॅमेऱ्यापुढे पोलरायझिंग फिल्टर धरून कोणी अशी चमक मारली असेल तर जरूर सांगा. तोवर मी उखळ-मुसळाची मापं घेऊन ठेवते.