खांबामागची खुर्ची

सोमवार, रात्र. पाऊस संध्याकाळपासून थांबून थांबून पडतो आहे.

शनिवारी रात्री जेवताना मोठी म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही समोर बसू नका." भातावर ताक वाढून घेता घेता तिने हे सहज सांगितले आणि लगेच अंबाड्याची जाळी सापडली का, असे आईला विचारू लागली. मी "बरं" म्हणालो. त्याला आता दोन दिवस होतील, पण तो 'बरं' अजून माझ्या घशातच आहे.

मी काही फार मानी माणूस नाही. कचेरीत याहून कितीतरी कडू गोष्टी मी ऐकून घेतल्या आहेत आणि दादा परवा मुंबईहून फोनवर जे बोलला, तेही ऐकून घेतले. पण गेली पाच वर्षे पहाटे सव्वापाचला उठून, पावसाळ्यात तिला माझ्याच रेनकोटात गुंडाळून, भाट्ये पुलावरच्या आडव्या वाऱ्यात स्कूटर सांभाळत ज्या माणसाने तिला दोराच्या मल्लखांबाच्या सरावाला पोहोचवले, त्यालाच ऐन स्पर्धेच्या दिवशी समोरून उठवले जावे, याचे मला वाईट वाटले, आणि असे वाईट वाटावे याचीही थोडी लाज वाटली. तिच्या मांडीवर आणि गुडघ्यामागे दोराचे वळ उठतात, त्यांना खोबरेल तेल रात्रीच लावायचे, सकाळी लावले तर पकड निसटते, हे मला पाठ आहे. ओल्या हवेत सुती दोर जड होतो आणि अंगाला वेगळाच लागतो, म्हणून ऑगस्टात सरांबरोबर दोर उन्हाला घालायलाही मी गेलो आहे. गणपतीत तिने दोनच मोदक खाल्ले, तेव्हा तिच्यादेखत मीही दोनच खाल्ले. (नंतर स्वयंपाकघरात उभ्याने किती खाल्ले, ते ही कोणाला सांगणार नाही.)

'समोर' या शब्दावर मी रात्रभर विचार करत होतो. "येऊ नका" असे ती म्हणाली नव्हती, म्हणजे माझ्या येण्याला तिची हरकत नव्हती. मग माझ्या कपड्यांची लाज वाटते का? मैत्रिणींचे आईवडील मोटारीतून येतात आणि आम्ही एसटीने, हे तर कारण नसेल? तेरा वर्षांच्या मुलीला बापाची लाज वाटू लागते, असे आत्या नेहमी सांगते, आणि आत्याचे खरे ठरू नये अशी माझी फार इच्छा आहे.

पहाटेच्या गाडीने चिपळूणला निघालो. हातखंबा मागे पडण्याआधीच ती माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली आणि सावर्ड्यापर्यंत तशीच झोपली होती. खांदा चालतो तर, असे मी मनाशी म्हटले.

सभागृहाच्या डाव्या बाजूला एक जाडजूड खांब होता आणि त्याच्यामागे चार-पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. मी त्यांतल्या एकीवर जाऊन बसलो. शेजारी दापोलीकडचे एक गृहस्थ आधीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "तुम्हालाही हाकललं काय?" पुढे आणखी एक आई आली, पिशवीतून पाण्याची बाटली काढून आमच्याच रांगेत बसली आणि काहीही न विचारता हसली. त्या हसण्याने मला पुष्कळ धीर आला, हे कबूल केले पाहिजे.

प्रमुख पाहुण्यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब पुन्हा रुजवणाऱ्या बाळंभटदादा देवधरांपासून सुरुवात केली. पूर्वी दोराच्या जागी वेत असायचा, हे सांगून ते मल्लखांबपटू हिमानी परब यांना २०२१ साली मिळालेल्या अर्जुन पुरस्कारापर्यंत आले. त्यात खोटे काही नव्हते आणि वेताची गोष्ट तर मला आवडलीही, पण अंग मोकळे करून उभ्या असलेल्या मुलींचे पाय तोवर थंड पडत होते आणि माझे लक्ष वक्त्यापेक्षा त्या पायांकडेच होते.

तिचे नाव पुकारले तेव्हा मला खांबाच्या उजव्या कडेने दोराचा खालचा भाग आणि गादी दिसत होती, वरचे काही दिसत नव्हते. तिने पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोर धरला, वर सरकली आणि खांबाआड गेली. दोराला गाठ मारायची नाही, नुसत्या विळख्यांवर सगळे शरीर तोलायचे, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता न पाहताही दिसते, असे मला वाटत होते. ते खरे नव्हते. वरून खाली लोंबणाऱ्या दोराच्या टोकाच्या हालचालीवरून मी अंदाज बांधत होतो: आता पद्मासन, आता हात सोडले असतील, आता पाठ वळली. मध्येच टोक जरा जास्त हिंदकळले आणि दापोलीकरांनी माझा हात दाबला. वास्तविक त्यांची मुलगी अजून यायची होती. मग एकदम ती डोके खाली, हात पसरलेले, गरगरत माझ्या कडेच्या फटीत उतरली आणि गादीच्या हातभर वर थांबली. तेवढे मात्र मला पूर्ण दिसले. सगळा मिळून जेमतेम दीड मिनिटाचा खेळ.

ती दुसरी आली. पहिल्या दोघींना विभागीय स्पर्धेला जायचे आहे, म्हणजे गेली.

परतीच्या गाडीत मोठीने मोबाइलवर जुलैतल्या स्पर्धेचे चित्रण काढले, कालचा आणि तेव्हाचा उतरण्याचा वेग ताडून पाहायला. ते मी पूर्वीही पाहिले होते, पण दोराकडे. काल प्रथमच कोपऱ्यातल्या माणसाकडे लक्ष गेले. पहिल्या रांगेत एक इसम बसला आहे. मुलगी वर चढते तसा तो खुर्चीतून वर होतो, ती हात सोडते तेव्हा तो समोरच्या हवेला घट्ट धरतो, त्याचे ओठ अखंड हलतात आणि दोराच्या तिसऱ्या विळख्याच्या वेळी, अजून काहीही बिघडलेले नसताना, त्याचा चेहरा दाढ उपटल्यासारखा होतो. त्यानंतर दोन क्षणांनी तिचा पाय निसटतो. मी ते तीनदा पाहिले. क्रम तोच होता: आधी मी, मग तिचा पाय.

"हे असं असतं होय?" मी विचारले.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही माझ्याआधी घाबरता."

उलटी लटकलेली असताना तिला सभागृह उलटे दिसते, सगळे चेहरे सारखेच वाटतात, पण ओळखीचा एक चेहरा मात्र तिथेही सुलटाच वाचता येतो, असे तिने पुढे संगमेश्वरच्या आसपास सांगितले. सरांनी म्हणे तिला कधीच सुचवले होते. तीच मला सांगायला कचरत होती, जुलैपासून. त्या दोन महिन्यांत तिने मला सोडून इतर कोणाकोणाशी यावर चर्चा केली असेल, हा विचार मनात आला, पण मी त्यामागे गेलो नाही.

काल रात्री अमेरिकेतल्या मावसबहिणीशी बोलणे झाले. तिची मुलगी तिथे चिअरलीडिंगच्या स्पर्धांत उतरते, अडीच मिनिटांच्या त्या खेळात जिला वर उचलतात आणि फेकतात तीच. अशा मुलीला ते 'फ्लायर' म्हणतात, खालून धरणाऱ्यांना 'बेस'. मी बहिणीला विचारले, तू काय करतेस अशा वेळी? ती म्हणाली, "ओरडते. सगळेच आईबाप ओरडतात." ज्या खेळाचे नावच ओरडण्यावरून पडले, त्यात तोंड वाकडे केलेला एक बाप सहज लपून जात असेल. आमच्याकडे दोरावर मुलगी चढली की सभागृहात पंखे तेवढे ऐकू येतात आणि अशा शांततेत माझा चेहरा फार मोठ्याने बोलत असला पाहिजे.

मी आरशासमोर उभा राहून निर्विकार तोंड करून पाहिले. ही दारातून म्हणाली, "पोट दुखतंय का?" तेव्हा तो मार्ग बंद झाला.

आज पहाटे नेहमीप्रमाणे निघालो. पुलावर वारा कमी होता आणि खाडीतून होड्या बाहेर पडत होत्या. मागून तिने विचारले, "काल खांबामागून काय दिसलं तुम्हाला?"

"अर्धा संच. खालचा."

"वरचा चांगला झाला होता," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "सरांच्या मोबाइलवर आहे तो. दाखवीन मी."

तिला सोडून मी सरांना बाजूला घेतले आणि विभागीय स्पर्धेच्या जागेला खांब आहेत का, अशी चौकशी केली. सर हसले नाहीत. तिथे उघडे पटांगण आहे आणि वर मांडव घालतात, असे त्यांनी सांगितले. मांडवाचे बांबू फार जाड नसतात.