शेवटची वीस पानं
आज दिवसभर एकच कादंबरी हातात. सोळा वर्षांची मुलगी आणि ग्रंथालयातलं एक शापित पुस्तक. जो ते वाचेल त्याचं नाव शेवटच्या पानावर आपोआप उमटतं. तिचं उमटलं, तेही तिच्याच अक्षरात, तिथे अंगावर सर्रकन काटा आला. पुस्तक मिटून नुसती बसून राहिले.

मध्ययुगीन युरोपातले लेखनिक हस्तलिखिताच्या शेवटी चोरासाठी खरोखरच शाप लिहीत. एकेक प्रत उतरवायला महिनोन्महिने जात, मग जीव तुटणारच ना! आणि 19व्या शतकातल्या काही हिरव्या बांधणीच्या पुस्तकांत तर चक्क आर्सेनिक सापडलंय.

पण शापापेक्षा त्या पोरीचा एकटेपणा जास्त लागला मनाला. घरात कुणीच विश्वास ठेवत नाही तिच्यावर.

वीस पानं उरलीत. आत्ता, रात्री, नाही वाचवणार.