साध्या कागदावर काळं उमटेना, फोटो मात्र झकास! जुन्या प्रिंटरचा माझा अनुभव

बाबांच्या ज्येष्ठ नागरिक संघाची पत्रकं आमच्या घरच्या प्रिंटरवर निघतात, चांगल्या मोठ्या टायपात, म्हणजे कुणाला चष्मा शोधायला लागू नये. प्रिंटर जुना, दहाएक वर्षांचा, पाच कार्ट्रिजचा इंकजेट. मे महिन्यात पत्रक काढलं तर वरचं लाल शीर्षक आलं आणि खालचा काळा मजकूर गायब, कागद कोरा. झेरॉक्स काढून बघितली, तेच. आणि त्याच दुपारी मुलीने फोटो पेपरवर फोटो काढला तर एकदम मस्त, केसांचा काळा रंगसुद्धा व्यवस्थित. मला कळेचना.

आधी वाटलं शाई संपली. कार्ट्रिज अर्धं भरलेलं होतं. मग सेटिंगमधून क्लीनिंग केलं, तीनदा, त्यात बाकीच्या रंगांची शाई उगाच गेली (हे करू नका खरंच, एकदोनदा करून फरक नाही पडला तर थांबा). तपकीर गल्लीत (पुण्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट) एका दुकानात विचारलं तर म्हणाले हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, गेला, नवीन प्रिंटर घ्या. पण हेड गेला असेल तर फोटो कसा येतो?

घरी येऊन नॉझल चेकचं पान (हेडच्या बारीक छिद्रांतून प्रत्येक शाई नीट येते का ते दाखवणारं) काढलं आणि तिथे सापडलं. वरची काळ्या रेघांची जाळी जवळपास कोरी, आणि खाली रंगांच्या पट्ट्यांमध्ये एक काळी पट्टी अगदी ठसठशीत! म्हणजे यात काळ्या शाया दोन आहेत. रुंद कार्ट्रिजमधली पिगमेंट, तिचे बारीक कण कागदावरच बसतात म्हणून अक्षर ठळक येतं, ती साध्या कागदासाठी. बारीक कार्ट्रिजमधली डाय, पाण्यात विरघळलेला रंग, ती फोटोसाठी. कुठली वापरायची ते प्रिंटर पेपर टाइपच्या सेटिंगवरून ठरवतो. खात्री करायला ट्रेमध्ये साधाच कागद ठेवून सेटिंग 'मॅट फोटो पेपर' केलं, आणि आलं की पत्रक! जरा राखाडी, कडा किंचित पसरलेल्या, पण वाचता येण्यासारखं. बाबांनी ओलं बोट फिरवलं तर अक्षरं पसरली. त्या दिवशी पत्रक तसंच वाटून टाकलं.

पण दुरुस्त करायचंच होतं. कार्ट्रिज काढली, लॉकची दांडी वर केली, हेड बाहेर. सोनेरी कॉन्टॅक्टना अजिबात हात लावला नाही. इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर कोमट केलं (नळाचं नको, क्षार बसतात), ताटलीत टिश्यूची घडी भिजवून त्यावर हेड टेकवला. गुलाबी, निळे डाग लगेच उमटले, काळ्याची जागा कोरीच. टिश्यू बदलत राहिलो. रात्री अकराला एक केसाएवढी काळी रेघ सुटली आणि सकाळी बघतो तर अख्खा काळा पट्टा. मग पूर्ण एक दिवस वाळवला, कारण कॉन्टॅक्टवर ओल राहिली तर शॉर्ट होऊन बोर्डच जाऊ शकतो. बाबा दर तासाला विचारत होते, बसवायचा का रे आता?

बसवला, एकदाच क्लीनिंग, जाळी आली, दोन रेघा तुटक होत्या त्या चारपाच पानांनंतर भरल्या.

शाई वाळली का, तर दोन महिने प्रिंटर बंद होता, त्यात पुण्याचा कोरडा उन्हाळा, आणि आम्ही नेहमी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायचो. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं की तो हेड जागेवर नेऊन टोपी लावून ठेवतो. काम चालू असताना करंट गेला तर हेड उघडा राहतो. आता आधी प्रिंटरचं बटण, मग बोर्डाचं, आणि दर रविवारी साध्या कागदावर एक काळं पान.

नवीन पत्रक निघालं तेव्हा बाबांनी पुन्हा बोट ओलं करून शीर्षकाखालच्या ओळीवर फिरवलं. अक्षर जागचं हललं नाही. मग चष्मा न लावताच त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.