घोंगडी घेऊन ये

आठवीत मराठीचे सर म्हणाले, "नाताळच्या नाटकात तू मेंढपाळ. घोंगडी घेऊन ये." वर्ग खो खो हसला. घोंगडीच्या वासावरून मला चिडवणं रोजचंच होतं. आमचं घर धनगराचं. भातकापणी झाली की आजाचा तळ चिकोडीकडून बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात यायचा. खतासाठी शेतकरी रानात बकरी बसवून घ्यायचे. (आमच्यात मेंढरांनाच बकरी म्हणतात.)

सर ख्रिस्ती, राहायला कॅम्पात. तालमीच्या पहिल्या दिवशी त्यांनी संवाद दिलेच नाहीत. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं एक वाक्य सांगितलं: शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. शब्द म्हणजे इथं देवच, येशूच्या रूपानं आलेला. 'वस्ती केली'साठीच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तंबू ठोकणं, असं म्हणून माझ्याकडं वळले, "तुझा आजा पाल ठोकतो की रे, तसं."

मी विचारलं, "म्हणजे देवानं माणसाचं सोंग घेतलं काय ओ सर?"

या प्रश्नावर तालमीचा सगळा तास गेला. सोंग खेळ संपला की उतरवतात, सर म्हणाले. हे उतरवायचं नव्हतं. भूक खरी, थंडी खरी, पुढं क्रुसावरचं मरणही खरं. येशू खरा देव आणि खरा माणूस, हे शब्दांत नेमकं बसवायला ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे चर्चला, 451 साल उजाडलं, कॅल्सेडनला धर्माध्यक्षांची परिषद भरवावी लागली. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीची पहिली खबर, दुसरा शुभवर्तमानकार लूक लिहितो, रात्री रानात कळप राखणाऱ्यांना मिळाली. वर्गात त्या दिवशी कुणी हसलं नाही.

25 डिसेंबर ही तारीख बायबलात नाही, हेही सरांनीच सांगितलं. रोममधली तिची सर्वांत जुनी नोंद 336 सालची. आम्हाला त्याचं काय? आमचं लक्ष त्यांच्या घरच्या नेवऱ्यांकडं, म्हणजे करंज्यांकडं.

नाटकाला आजा आला, पहिल्यांदाच शाळेत. गव्हाणीत बाळंत्यात गुंडाळलेली बाहुली होती. तिच्यावर मी घोंगडी पांघरली. तालमीत हे ठरलेलं नव्हतं. टाळ्या पडल्या.

परतताना आजा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्ही समदी बाळ बघायला गेलासा, मागं बकरी कुणी राखली?"

सोमवारी सरांना सांगितलं. ते पोट धरून हसले. "लूकनं लिहिलं नाही रे ते," म्हणाले, "आजाला लवकर विचारायला पाहिजे होतं."