टँकर गावात आला, वस्तीला पाणी किती मिळालं?

टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरचं पाणी माणशी रोज २० लिटर धरतात. हिशोब अख्ख्या गावाचा होतो: १,५०० माणसं असतील तर ३० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या तीन खेपा. पण त्या तिन्ही खेपा गावठाणातल्या विहिरीत ओतल्या आणि दलित वस्ती किंवा पारध्यांची पालं किलोमीटरभर लांब असली, तर तिथल्या ३०० माणसांच्या वाट्याचे सहा हजार लिटर त्यांच्या दारात येतच नाहीत. विहिरीवर ज्याच्याकडे दोर, पोहरा आणि अंगात जोर, त्याचं पाणी. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या हाती तळाचा गाळ लागतो. त्यात आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींना भेगा. ओतलेलं काही पाणी त्यांतूनच जिरून जातं.

पाऊस कमी पडणं कुणाच्या हातात नाही. टँकर कुठं रिकामा करायचा, हे मात्र माणसंच ठरवतात. गावपातळीवर काम करणाऱ्यांनी नेमकं तिथं बोट ठेवायला हवं.

सुरुवात मोजण्यापासून करा. घागर अंदाजाने धरू नका, मापून घ्या; कुठं १२ लिटरची असते, कुठं १५ ची. पाच माणसांच्या घराला १०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या जवळपास सात घागरी. टँकर आला त्या दिवशी आणि न आला त्या दिवशी घरात किती घागरी आल्या, दोन्ही लिहा. शेळ्या-म्हशींचं पाणी वेगळ्या रकान्यात, कारण ते त्याच घागरीतून जातं.

बीड-धाराशिवकडे एक चूक होऊ शकते. माणसांची मोजदाद हिवाळ्यात झाली, तर तेव्हा ऊसतोड मजूर कारखान्याच्या फडावर असतात. ते परततात ऐन उन्हाळ्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, आणि यादीत त्यांची नावंच नसतात. बाहेर गेलेली माणसं नावानिशी यादीत धरा.

मग वस्तीवर टाकी मागा. मागतानाच अडचण बघून ठेवा: टँकर नळीने, उतारानेच रिकामा होतो. पाच हजार लिटरची उंच टाकी ओट्यावर बसवली आणि टँकरला पंप नसला, तर ती भरत नाही. चालक कंटाळून पुन्हा विहीर गाठतो. त्यापेक्षा कमी उंचीच्या दोन टाक्या जोडून घ्या. ओटा नळाखाली घागर बसेल एवढाच ठेवा. टँकर वळायला जागा आहे का, हेही आधीच चालून पाहा.

ग्रामपंचायतीच्या ठरावात ‘गावास टँकर मिळावा’ एवढंच लिहू नका. वस्तीचं नाव, माणसं, खेपा आणि ओतण्याची जागा लिहून घ्या, पंचायत समितीत दिल्याची पोच ठेवा. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी पाहणीला येतील तेव्हा त्यांना वस्तीपर्यंत चालवत न्या. नाहीतर विहीर बघून गाडी परत फिरते. खेप ओतली की टँकरच्या लॉगबुकावर वस्तीतल्याच दोन बायकांची सही होऊ द्या, वेळेसकट. महिनाभराच्या खेपा आणि घागरींचा तक्ता शेजारी ठेवला, की कुठली खेप वस्तीला आलीच नाही ते तारखेसह दाखवता येतं.

टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर अर्ध्या तासाने शेवटच्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करा, म्हणजे ओटी द्रावणाचे थेंब टाकून क्लोरीन तपासा. पाण्याला पिवळी छटा आली नाही, तर क्लोरीन उरलेलं नाही. पावडर जुनी आहे का, ते आधी बघा.