याचे किती येतील?

मी जुन्या अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलणारे खेळण्यातले वीर, दुरुस्त करते हे कळलं, की माणूस आधी हेच विचारतो. "ताई, आमच्याकडे माळ्यावर पिशवीभर आहेत, याचे किती येतील?" हल्ली हे विचारणारे वाढलेत, कारण ठाण्याच्या नौपाड्यात, पाचपाखाडीत जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. भाड्याच्या घरात जायचं तर सामान कमी करावं लागतं. माळे उपसले जातात आणि तीस-पस्तीस वर्षं गुंडाळून ठेवलेला ही-मॅन अचानक हाताला लागतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते, बहुतेक पिशव्यांचे फारसे येत नाहीत. इंटरनेटवर दिसणारे मोठाले आकडे विकणाऱ्याने मागितलेले असतात, सौदा कितीला ठरला ते त्यात दिसत नाही. तरीही ती पिशवी भंगारवाल्याला देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

या खेळण्यांचा भाव ठरतो तो त्यांच्या टीव्हीवरच्या मालिका बघणारी पोरं कमावती कधी झाली यावर. आणि या मालिका बऱ्याचदा खेळणी खपावीत म्हणूनच निघाल्या. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीचा ही-मॅन दुकानात आला १९८२ मध्ये, त्याचं कार्टून आलं १९८३ मध्ये. तिथल्याच हॅस्ब्रो कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीचे तयार रोबोट घेतले, त्यांना नावं आणि गोष्टी दिल्या, आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स उभे राहिले. पॉवर रेंजर्सचंही तसंच. १९९२ च्या 'झ्युरेंजर' या जपानी मालिकेतल्या मारामाऱ्या घेतल्या, मुखवट्याआडची मुलं मात्र अमेरिकेत नव्याने उभी केली आणि ऑगस्ट १९९३ मध्ये मालिका सुरू झाली. पाच प्राणी जोडून होणारा मोठा रोबोट बांदाई या जपानी खेळणी कंपनीकडे तयारच होता. त्या नाताळात अमेरिकेत पॉवर रेंजर्सची खेळणी मिळेनाशी झाली. तेव्हा ज्यांना मिळाली नाहीत ती मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत, हातात पगार आहे, आणि भाव चढवतात तीच.

आपल्याकडचं गणित थोडं निराळं. माझ्या पिढीने दूरदर्शनवर ही-मॅन बघितला, जायंट रोबोट बघितला. पॉवर रेंजर्सवर जीव टाकणारी आपली पिढी बरीच नंतरची, जेटिक्स वाहिनीवर हिंदीतून पॉवर रेंजर्सची 'एसपीडी' ही मालिका बघणारी. ती मुलं आता ऐरोली-महापेच्या कंपन्यांत आहेत. सुट्टीच्या दिवशी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येतात, आणि बंद पडलेला मॉर्फर, म्हणजे रेंजरचं रूप बदलणारं खेळण्यातलं यंत्र, पुन्हा वाजू लागला की भावाचं विचारायचं विसरतात. त्यांचा हा आनंद मला फार मोलाचा वाटतो.

दुसरी बाजू पुरवठ्याची. एखादी जुनी फिगर महाग होते, कारण तिच्या जोडीच्या मोडल्या, हरवल्या, टाकून दिल्या गेल्या. स्टार वॉर्समधल्या बोबा फेटचा रॉकेट उडवणारा एक नमुना २०२४ मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. ती फिगर दुकानात कधी आलीच नाही. रॉकेट एखाद्या मुलाच्या घशात अडकेल या भीतीने केनर कंपनीने ती आधीच मागे घेतली होती, उरले ते मोजके नमुने. याउलट आज खोक्यावर 'कलेक्टर्स एडिशन' छापून येतो तो माल घेणारे बहुतेक जण सील न तोडता कपाटात ठेवून देतात. वीस वर्षांनी सगळ्यांचीच सीलबंद खोकी एकदम बाहेर आली तर घेणार कोण? शिवाय कंपन्या जुन्या रूपाचा माल नव्याने काढत असतात. मॅटेलने २०२० मध्ये ही-मॅनची 'ओरिजिन्स' आणली, हॅस्ब्रोने २०१९ मध्ये पॉवर रेंजर्सचं 'लाइटनिंग कलेक्शन'. ज्याला कपाटात नुसता तो चेहरा हवा असतो, त्याची हौस त्यावर भागते. म्हणून गुंतवणूक म्हणून खेळणी घेऊ नका, असं मी तरुण मुलांना कानीकपाळी ओरडून सांगते. त्यातून परदेशी माल महागच पडतो. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. आवडतंय, रोज बघावंसं वाटतंय, तर जरूर घ्या.

मग माळ्यावरची पिशवी का ठेवायची? तर तिच्यात इथे बनलेला माल असण्याची शक्यता असते. एमआरएफ गटाची फनस्कूल १९८७ मध्ये हॅस्ब्रोच्या साथीने सुरू झाली. तिचे जी.आय. जो, म्हणजे हॅस्ब्रोचे छोटे सैनिक, भारतात बनायचे. ही-मॅनही लिओ या खेळणी कंपनीच्या नावाने इथेच तयार झाला. साचे परदेशातलेच, पण रंग इथे ठरायचे, त्यामुळे अमेरिकेतला मळकट कपड्यांतला सैनिक आपल्याकडे भडक रंगात भेटतो. अमेरिकेतले संग्राहक या वेगळ्या रंगांसाठीच फनस्कूल शोधत असतात, आणि आपण 'इंडियन आहे, ओरिजिनल नाही' म्हणून बाजूला टाकतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोणता रंग केव्हा आला, खोक्यावर काय छापलं होतं, किंमत किती होती, हे सांगणारा पुरावा घराघरांतल्या माळ्यांवरच पडून आहे, आणि ते माळे आता तोडले जात आहेत.

फनस्कूलचा एखादा जो उघडून बघा. पावणेचार इंचांचा गडी, पाठीत एकच स्क्रू. तो काढला की छाती आणि पाठ सुटी होते, डोकं-हात मोकळे होतात आणि आत एक काळी रबरी रिंग दिसते. पायांना जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात ती खाली अडकवलेली असते आणि वर स्क्रूच्या खुंटीवरून गेलेली असते. कंबर, पाय, सगळं त्या रिंगच्या ताणावर उभं. इतक्या वर्षांत रबर कडक होऊन तुटतं, गडी कमरेतून दोन तुकडे होऊन हातात येतो आणि घरच्यांना वाटतं, संपला. त्या मापाची रिंग नळाचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. स्टेशनाजवळच्या दुकानदाराला मी जुनी रिंग दाखवली की तो बरणी पुढे करतो. ती बसवून स्क्रूचे शेवटचे आटे अगदी हलक्या हाताने पिळायचे, कारण जुनं प्लास्टिक तिथेच तडकतं. मग गडी उभा राहतो. बंदूक मात्र मुठीत जबरदस्तीने कोंबू नका, आधी अंगठाच तुटतो.

ठाण्याचा पावसाळा या खेळण्यांना सोसत नाही. स्क्रू गंजतात, आत राहिलेले सेल पाझरून पत्र्या खातात, मऊ प्लास्टिक चिकट होतं. सेल काढून ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, खिडकीच्या उन्हात मांडू नका. पिवळं पडलेलं पांढरं प्लास्टिक पेरॉक्साइड लावून उजळता येतं, पण ते पुन्हा पिवळं पडू शकतं, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

विकायचंच ठरलं, तर आधी सगळ्याचे फोटो काढा, मागून आणि तळपायाचेसुद्धा. फाटकं खोकं, पाठीवरचा पुठ्ठा, दुकानाची पावती, काही टाकू नका. कोणाचं होतं, साधारण कधी आणि कुठे घेतलं हे एका चिठ्ठीवर लिहून त्यातच ठेवा. जांभळी नाक्याच्या बाजारातून घेतलेला नकली रोबोट असला तर त्याचंही लिहा, असल्या नकला गोळा करणारेही आहेत. पिशवीच्या तळाशी नखाएवढ्या बंदुका आणि तलवारी असतात, त्यांच्यावाचून फिगरला निम्मादेखील भाव येत नाही, तेव्हा पिशवी वर्तमानपत्रावर उलटी करून नीट बघा. आणि ज्याची ती होती तो मुलगा पुण्यात असो की परदेशात, सौदा करण्याआधी त्याला एकदा फोन लावा.