बारा फुटी होडी, ट्रेलर आणि उजनीचा सरकता काठ

होडी घरी येऊन नऊ आठवडे झाले आणि गेल्या रविवारी ती पहिल्यांदा उजनीच्या पाण्यात उतरली. मधल्या काळात काय काय केलं ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागात होडी आणि ट्रेलर दोन्ही घेऊन गळाला जाणारी माणसं फार थोडी आहेत. मला विचारायला कुणी सापडलं नाही. पुढच्या माणसाला तरी सापडावं.

आधी होडी कशाला, ते सांगतो. सोळा वर्षं मी काठावरून गळ टाकतोय. हिप्परग्याचा तलाव, भीमेचे डोह, आणि गेली सात-आठ वर्षं जास्त करून उजनीचं बॅकवॉटर. मरळ बसते पाण्यात बुडालेल्या वेड्या बाभळींच्या कडेला, आणि त्या बाभळी काठापासून पाऊणशे-शंभर मीटर आत. रबरी बेडूक (मरळीला भुलवायचं खोटं आमिष) तिथवर फेकला जात नाही. कटला धरायचा तर तो वरच्या थरात फिरतो, वाऱ्याच्या अंगाला सरकतो, आणि आपण मात्र एका दगडावर बसून राहतो. आजोबा सांगायचे, भीमेला पूर आला की गुळाच्या काहिलीत बसून माणसं पलीकडं जायची. तेव्हापासून पाण्यावर आपलं स्वतःचं काहीतरी असावं असं मनात होतं.

घेतली ती बारा फुटी, चपट्या तळाची फायबरची होडी. रुंदी साडेचार फूट, कड अठरा इंच उंच, वजन 98 किलो (काट्यावर घालून बघितलं, सांगितलं होतं 85). दोन माणसं आणि सामान, एवढ्यासाठी पुरेशी. ट्रेलर एका आसाचा, बिनब्रेकचा, 165 किलोचा. दोन्ही मिळून पावणेदोन लाख गेले आणि त्यात ट्रेलरचा वाटा जवळजवळ निम्मा. ट्रेलरवर एवढा खर्च कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. उत्तर उजनीच्या काठात आहे.

उजनीची पातळी सोलापूरकरांना टक्क्यांत पाठ असते. बाहेरच्यांसाठी सांगतो. धरणात शंभर टक्के पाणी म्हणजे सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृत साठा, म्हणजे टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून शून्य टक्के झालं तरी समुद्रासारखं पाणी दिसतं, आणि त्याच्या खाली गेलं की आपण ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतो. 2024 च्या उन्हाळ्यात ती वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती आणि त्याच ऑगस्टमध्ये पुन्हा शंभरावर आली. शंभर टक्के म्हणजे 496.83 मीटर आणि शून्य म्हणजे 491.03 मीटर. पावणेसहा मीटरचा फरक. बॅकवॉटरचा उतार इतका सपाट, की एवढ्या फरकात पाणी काही ठिकाणी अर्धा किलोमीटर आत जातं. ज्या जागी डिसेंबरात होडी उतरवली, तिथं एप्रिलमध्ये कुणाचं तरी टरबूज लावलेलं असतं. एका जागी होडी बांधून ठेवायची सोय नाही. तिला दर खेपेला घरून न्यायची आणि त्या दिवशी पाणी जिथं असेल तिथं उतरवायची. म्हणून ट्रेलर, आणि म्हणून चांगला ट्रेलर.

सुरुवातीला वाटलं, एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणारे इतके कारागीर आहेत, त्यांच्याकडूनच करून घेऊ. एकानं अर्ध्या किमतीत द्यायची तयारीही दाखवली. पण कायद्यानं ट्रेलर हे वाहनच आहे, त्याला स्वतःचा नंबर लागतो. नोंदणीला फॉर्म 20, विक्रेत्याचा फॉर्म 21 आणि उत्पादकाचा फॉर्म 22 लागतो, आणि हा शेवटचा कागद गल्लीतला वेल्डर देऊ शकत नाही. पैसे देण्याआधी 21 आणि 22 समोर ठेवायला सांगा, चासी नंबर ट्रेलरच्या दांडीवर बोटानं चाचपून कागदाशी जुळवा. मी जुळवला तेव्हा एक आकडा चुकलेला निघाला. तिथल्या तिथं दुरुस्त करून घेतला म्हणून माझं एमएच-13 चं (सोलापूरच्या नंबरचं) काम अडलं नाही.

आता शेततळ्याची गोष्ट. ही सगळ्यांनी वाचावी.

माझ्या मामांचं मोहोळच्या पुढं डाळिंबाचं रान आहे, आणि रानात कागद घातलेलं शेततळं. उजनीवर जाण्याआधी होडीची परीक्षा तिथं घ्यायची ठरवली. शेततळ्याच्या कागदावर पाय ठरत नाही, पडलेला माणूस कडेला येऊनही वर चढू शकत नाही, म्हणून आधी चारही बाजूंना जुने टायर बांधलेले दोर सोडले. मग मी, पुतण्या आणि मामा, तिघं अंगात जॅकेट घालून. दोन माणसं आणि साठ किलो सामान चढवलं तर होडी चार इंच बसली. दोघं एकाच कडेला सरकलो तरी कड पाण्यापासून सहा इंच वर राहिली. चपटा तळ असल्यानं ती डुलत नाही, एकदम कलते आणि तिथं थांबते. मन खूश झालं.

मग मामांनी विचारलं, “आणि पाणी भरलं तर?”

माहितीपत्रकात ‘न बुडणारी’ असं छापलेलं होतं. बाकांच्या आत फोम भरलेला असतो, त्यावर होडी तरंगत राहते, असं विक्रेत्यानंही सांगितलं होतं. आम्ही मोटरचा पाइप होडीत सोडला. वीस मिनिटांत ती कडेपर्यंत भरली. पुढचा भाग छान वर राहिला. मागचा भाग मात्र हळूहळू खाली जायला लागला, आणि मागच्या बाकाच्या सांध्यातून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येत होती. एकाच जागेतून, न थांबता. पुतण्यानं तिथं अंगठा दाबला की थांबायची, काढला की पुन्हा सुरू. दहा मिनिटांत मागची कड पाण्याखाली गेली.

घरी आणून मागच्या बाकाला भोक पाडून टॉर्च टाकला. आत फोम नव्हताच. मोकळी पोकळी आणि सांध्याला केसाएवढी चीर. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, हवाबंद असतं, फोमची गरज नाही. हवाबंद असतं तर बुडबुडे कुठून आले? याबाबतीत मी नाराज आहे आणि ते लपवत नाही. मोटर, बॅटरी आणि माणूस, तिन्ही वजनं मागंच असतात. पाणी भरल्यावर होडी मागून खाली गेली तर धरायला फक्त एक टोक राहतं.

दुरुस्ती अशी केली. बाकाचा वरचा भाग कापला, आत बंद पेशींचा ईपीई फोम थरावर थर दाबून बसवला, वर फायबरची मॅट आणि रेझिन. ओतायचा पीयू फोम मुद्दाम टाळला, कारण वर्षानुवर्षं ओल लागली की तो पाणी पितो आणि वजन धरतो. दोन्ही कडांच्या खालून आणखी पट्ट्या दिल्या, म्हणजे भरलेली होडी कलती होणार नाही. पुन्हा शेततळ्यावर गेलो, पुन्हा पाणी भरलं. यावेळी दोन्ही टोकं सारखी, कड चार इंच वर, आणि आम्ही दोघं आत बसलो तरी तरंगत राहिली. नवी होडी घेणाऱ्यानं ही परीक्षा घेतल्याशिवाय मोठ्या पाण्यात जाऊ नये.

21 मे 2024 ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट संध्याकाळच्या वादळात याच पाण्यात उलटली आणि सहा जण गेले. करमाळा आणि इंदापूर दोन्ही तालुके ते विसरलेले नाहीत. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर उजनीवर थांबायचं नाही, हे मी त्या दिवसापासून ठरवलंय. जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले. घेताना खांदे धरून वर ओढून बघा, हनुवटीवर चढलं तर ते मापाचं नाही.

ट्रेलरच्या हुकावरचं वजन हा दुसरा धडा. मागं जास्त भार असला की ट्रेलर साठच्या वेगाला शेपूट हलवतो. वाण्याकडचा काटा आणून पुढच्या टोकाखाली ठेवला तर फक्त 11 किलो. एकूण वजन 313. हुकावर साधारण दहा टक्के तरी हवं. विंचचा (होडी ट्रेलरवर ओढायच्या चरखीचा) खांब सहा इंच पुढं घेतला, मागं ठेवलेली तीस किलोची बॅटरी काढून बोलेरोत टाकली, आणि काटा 32 वर आला. त्यानंतर पुणे रस्त्याला सत्तरपर्यंत नेला, आरशात ट्रेलर एका रेषेत.

रविवारी पहाटे चारला निघालो. सावळेश्वरचा नाका ओलांडून मोहोळच्या अलीकडं थांबलो, तो फक्त हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) बघायला. डाव्या चाकाच्या हबवर हात ठेवला, कोमट. उजव्यावर ठेवला आणि लगेच काढला, इतका तापलेला. जॅक लावून टोपी काढली, नट नको इतका आवळलेला होता. पाव फेरा सैल केला, चाक हातानं फिरवून बघितलं, खिळ घातली. टेंभुर्णीत पुन्हा बघितलं तर दोन्ही सारखे. हे थांबणं पाच मिनिटांचं आहे, आणि ते चुकलं असतं तर बेअरिंग बसलं असतं. पाण्यात उतरवण्याआधीही हब थंड होऊ द्यायचे. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते, मग ग्रीसचं दूध होतं.

कंदरच्या केळीच्या बागा मागं टाकून वांगीच्या अंगाला गेलो. काळ्या रानाच्या काठावर ट्रेलर घालायचा विचारही करू नका, चाक गुडघाभर जातं. मी महिनाभर आधीच दुचाकीवरून काठ धुंडाळला होता आणि धरणात गेलेला एक जुना रस्ता सापडला होता. खडीचा, सरळ पाण्यात उतरणारा. आपल्यासाठी याहून चांगला उतार कुणी बांधून देणार नाही. दिव्यांची पिन काढली, मागच्या चाकांना लावायला उटीचे दगड तयार, पुतण्या विंचवर, आणि मी इंच इंच मागं. ट्रेलरचं चाक निम्मं बुडालं तेव्हा होडीची शेपटी आपोआप उचलली गेली. तो क्षण मी कितीतरी रात्री मनात बघितला होता.

काठावर जाळी सोडवत बसलेले एक आबा उठून आले. त्यांची होडी पत्र्याची, डांबर लावलेली. आमच्या होडीच्या तळावरून हात फिरवत म्हणाले, “मालक, चपटी हाय. लाटंवर आपटंल. पर चिखलात न् झाडीत लई कामाची.”

“वारा कधी उठतो आबा?”

“धा वाजस्तोवर काय न्हाय. त्या पल्याडल्या बाभळीचा शेंडा हलाय लागला की फिरा माघारी. अन् नांगर लोखंडाचा टाकू नगा, खाली घरं हायती.”

बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरी, झाडांची खोडं, सगळं खाली तसंच आहे. लोखंडी नांगर अडकला की दोर कापावा लागतो. आबांनी आपल्या होडीतली एक गोणी दिली, दगड भरलेली, तोंड सुतळीनं बांधलेलं. जोर लावला की सुतळी तुटते, दगड खाली राहतात आणि गोणी वर येते. मी बाजारात नांगरासाठी अठराशे रुपये मोजले होते.

मोटर विजेवरची, 12 व्होल्टची, 55 पौंड ओढीची. पूर्ण वेगाला ती पन्नास अँपिअरच्या आसपास खाते. शंभर एएचची (अँपिअर-तासांची) शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे पूर्ण वेगानं तासभरही चालेल असं धरायचं नाही. दुसऱ्या गिअरला निवांत तीन तास चाललो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे बॅटरी संपली तरी वारा घरी आणतो. वल्ही कायम सोबत.

गळाचं थोडक्यात: शेंगदाण्याची पेंड आणि भाजक्या कणकेचे गोळे, तरंडा चार फुटांवर. चिलापी सारखी कुरतडत होती. साडेआठला तरंडा आडवा झाला, तो कटला, पावणेचार किलोचा. बाभळींच्या कडेला बेडूक ओढला, दोनदा मरळीनं पाणी उडवलं, बसली एकदाही नाही. थंडीत ती आळसावते, उन्हं तापली की बघू. दहाला पाच कमी असताना बाभळीचा शेंडा हलला आणि आम्ही फिरलो. काठाला लागेस्तोवर लाटा कडेवर थपथपायला लागल्या होत्या.

मासेमारीच्या परवान्याची चौकशी मी आधीच मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात केली होती, तुम्हीही करा. आणि गावातल्या मच्छीमारांना विचारून उतरा. त्यांच्या जाळ्यांच्या रेषेपासून लांब राहा, ती बाटल्यांच्या तरंडांवरून ओळखू येते. जाळं मोटरच्या पंख्यात गेलं तर आपली अडचण तासाची, त्यांचं नुकसान आठवड्याचं.

आता राहिलेली कामं: ट्रेलरचे दिवे फळीवर घेऊन काढता येतील असे करायचे, दोन्ही हबना नवं ग्रीस, आणि पुढच्या बाकाचंही झाकण उघडून फोम खरंच किती आहे ते बघायचं. निघताना पुतण्यानं त्या जुन्या रस्त्याच्या कडेच्या दगडावर, पाणी जिथं टेकलं होतं तिथं, चुन्याची रेघ मारली. रब्बीची आवर्तनं सुटली की पाणी मागं सरेल. पुढच्या खेपेला त्या रेघेपासून टेप लावून अंतर मोजणार आहोत, आणि रस्ता किती निघाला ते लिहितो.